घरातला महादानी

दादाने आजवर घरातल्या कोणाला स्वतःहून काही दिलं असेल, तर ती सर्दी. तीही हातचं राखून नव्हे. मोठ्या मनाने, सगळ्यांना सारखी. एरवी जेवताना कोणी मीठ मागितलं, तर तो आधी बरणीकडे बघायचा, मग मागणाऱ्याकडे बघायचा, मग स्वतःच्या ताटात मीठ वाढून घ्यायचा आणि बरणी होती तिथे, म्हणजे स्वतःच्या कोपराआड, ठेवून द्यायचा.

आणि हा माणूस जगात दानशूर म्हणून प्रसिद्ध होता.

जग म्हणजे एक क्लब. एकमेकांना फायली वाटणाऱ्या लोकांचा. प्रत्येकाच्या कंप्युटरवर एक सॉफ्टवेअर असायचं. ते एका बाजूने हव्या त्या फायलीचे तुकडे आत ओढायचं आणि दुसऱ्या बाजूने आपल्याकडचे तुकडे बाकीच्यांना पाठवायचं. घेण्यापेक्षा जास्त देणाऱ्याच्या नावापुढे तारे लागत. नुसतं घेणाऱ्याला क्लबात जळू म्हणत आणि हाकलून देत. दादाच्या नावापुढे इतके तारे झाले होते की नाव पडद्याबाहेर गेलं होतं. आता फक्त मुकुट बाकी होता. मुकुट मिळाला की माणूस 'महादानी' होतो.

छोटीला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, हा शब्द ऐकला की मळमळायचं. यात अतिशयोक्ती नाही. शब्दाबरोबर तिला दादाच्या खोलीचा वास यायचा, आणि त्या वासाला मळमळणं हा सभ्यातला सभ्य प्रतिसाद होता.

खोलीत शिरलं की आधी अंडी यायची. दादा उकडलेली अंडी कीबोर्डवर सोलायचा आणि टरफलं खणात टाकायचा. का, ते खणालाच ठाऊक. अंड्यांमागे बनियनचा वास यायचा. खुर्चीच्या पाठीवर दादाच्या पाठीचा एक तेलकट नकाशा उमटला होता, त्यात आता बेटंही दिसू लागली होती. खिडकीत चहाचा एक कप होता. त्यातल्या चहाला आधी साय आली होती, मग दाढी आली होती, आणि आता छोटीला वाटायचं की तो कप लवकरच मतदान करील. कीबोर्डच्या फटींत नखं. पायांची.

आणि कोपऱ्यात माशांची काचेची टाकी. दादा पूर्वी शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात कामाला होता. दुकान बुडालं तेव्हा ही टाकी आणि तिच्यातले मासे तो घरी घेऊन आला. मग त्याच्या डोक्यात आलं की या माशांचा दिवसभराचा सलग व्हिडिओ काढावा. कॅमेरा लावला. दाणे टाकले तर पाणी गढूळ दिसेल म्हणून दाणे टाकले नाहीत. व्हिडिओ इतका सुरेख आला की दादा तो बघत बसला, आणि दाणे टाकायचे राहिले ते राहिलेच. मासे गेले. टाकीत तळाला हिरवा लगदा उरला. पण व्हिडिओ जगभर गेला. दवाखाने, केस कापायची दुकानं, वाट बघायच्या खोल्या, सगळीकडे लोक तो लावत. क्लबात दादाची सगळी पुण्याई या उपाशी मेलेल्या माशांवर उभी होती.

"माझ्यामुळे जगात किती लोकांना शांती मिळते, माहितीये?" तो म्हणायचा.

"माशांनाही मिळाली," छोटी म्हणायची.

घरात तिसरी होती ती आई. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती शिवणकाम करायची आणि हातांनी बोलायची, आणि ते हात बहुतेक वेळा दादाबद्दल बोलायचे. छोटी हातांची भाषा तोंडाच्या भाषेआधी शिकली होती. दादाला एवढ्या वर्षांत दोन खुणा येत होत्या. एक, पाची बोटं जुळवून ओठांशी: जेवण. दुसरी, पंजा समोर धरून हवा दूर लोटायची: नंतर. या दोन शब्दांवर त्याने स्वतःच्या आईशी अख्खा जन्म काढला होता. पहिली खूण तो मागायला वापरायचा, दुसरी कोणी काही मागितलं की.

आता छोटीचं काम. दुभाषी पुरवणारी एक संस्था होती. दवाखान्यात एखादा बहिरा रुग्ण आला की तिथला पडदा चालू व्हायचा, पडद्यावर दुभाषी यायची, डॉक्टर बोलतील ते हातांनी सांगायची, रुग्णाचे हात बोलतील ते तोंडाने. छोटी तिथे उमेदवारीवर होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आईने मागे एकरंगी चादर ताणून दिली होती. छोटी काळा सदरा घालून त्यापुढे बसायची, म्हणजे हात उठून दिसतात. नोकरी पक्की झाली की आईला घेऊन दुसरीकडे जायचं, एक खोली का असेना, पण तिच्यात दादा नसेल, हे दोघींचं ठरलं होतं. आईने तर खिडकीचे पडदेही शिवून ठेवले होते. खिडकी अजून ठरायची होती.

अडचण एकच. कॉल चालू असताना छोटी गोठायची.

म्हणजे तिचं चित्र गोठायचं. तिला समोरचे सगळे दिसायचे, ऐकू यायचे. पण तिच्याकडून जाणारं चित्र मध्येच खिळायचं, आणि खिळण्यासाठी नेमका सगळ्यात भिकार क्षण निवडायचं. एकदा ती अर्धे मिटलेले डोळे आणि उघडं तोंड अशा थाटात अडकली, तर पलीकडच्या आजींनी दुभाष्याला झटका आला म्हणून डॉक्टरांना उठवून पडद्याकडे पाठवलं. दुसऱ्यांदा तिचं बोट नाकापाशी राहिलं. संस्थेच्या तपासणी बाईंनी शांतपणे सांगितलं, "आणखी एकदा झालं तर थांबावं लागेल. पुढच्या कॉलला मी स्वतः बसेन, बघायला. आणि मोबाइलवरून चालणार नाही, नियम आहे."

छोटीने इंटरनेटच्या लाइनवाल्याला फोन केला.

"ताई, तुमची लाइन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण असं असतं बघा, घरात यायचा रस्ता रुंद आणि घरातून जायचा बोळ. तुमचं चित्र त्या बोळातून जातं. आणि बोळात कोणीतरी ट्रक घातलाय."

"ट्रक नाही. भाऊ आहे."

"मग भावाला सांगा, अपलोडला लिमिट लावा म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. चौकट असते एक, तिच्यात आकडा टाकायचा. तेवढंच बाहेर जातं."

छोटी पदर नसताना पदर खोचल्यासारखी दादाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत जायची तिची तयारी नव्हती.

"दादा, माझा परवा कॉल आहे. नोकरीचा आहे. तेवढं अपलोडवर लिमिट लाव."

दादा वळला नाही. वळायचं तर खुर्चीपासून सुटावं लागायचं, आणि उन्हाळ्यात त्याला आवाज यायचा. "लिमिट? मी?"

"तूच. इथे दुसरं कोण बसलंय? तो कप?"

"छोटे, एक समजून घे. क्लबात माझं नाव आहे. लिमिट लावून वाटणारी माणसं कोण, माहितीये? जळवा. गुपचूप बूच लावायचं आणि वर दाता म्हणून मिरवायचं. मी आजपर्यंत लिमिट लावलेलं नाही. लोकांचा माझ्यावर विश्वास आहे."

"कोणत्या लोकांचा? तू त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाहीस."

"देणारा तोंड बघत नाही," दादा म्हणाला आणि अंडं फोडलं.

"आईचं बघ की. आई सकाळपासून सांगतेय, गॅसची टाकी उचलून दे म्हणून."

मागे आई उभीच होती. दादाने मान न वळवता पंजा वर केला आणि हवा लोटली. नंतर.

आईने छोटीकडे बघून हातांनी जे म्हटलं त्याचं तोंडी भाषांतर संस्थेच्या नियमांनुसार शब्दशः करावं लागलं असतं, म्हणून बरं की तो कॉल नव्हता. सौम्य भाग एवढाच होता की, याच्या बाळंतपणात मी सुईण बदलायला हवी होती.

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नव्हता. छोटीने ठरवलं, चौकट आपणच शोधायची. त्यासाठी दादा खोलीबाहेर जायला हवा होता, आणि दादा खोलीबाहेर फक्त आंघोळीला जायचा, आणि आंघोळीला कधी जायचा हे पंचांग करणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण नशीब असं की कॉलच्याच दिवशी सकाळी दादाला स्वतःचाच वास आला. तो टॉवेल शोधत बाहेर पडला. टॉवेल खुर्चीखाली होता. तो तिथून स्वतःच्या ताकदीवर उभा राहू शकला असता.

छोटीने नाकाला ओढणी बांधली, हातात आईचे भांडी घासायचे रबरी मोजे चढवले आणि आत शिरली. उंदराला, म्हणजे कंप्युटरच्या माउसला, हात लावताच तो हाताला चिकटला. मोज्यासकट. पडद्यावर माशांच्या फायलीसमोर एक हिरवी रेघ हळूहळू वळवळत होती. तिने खटाखट कप्पे उघडले. सेटिंग. वेग. अपलोडची मर्यादा. चौकट सापडली.

चौकटीत आधीच आकडा होता.

लिमिट लागलेलंच होतं. दादानेच लावलेलं, आणि चांगलं घट्ट. म्हणजे स्वतःचे सिनेमे अडखळू नयेत म्हणून या दानशूराने जगाला कधीच बूच मारून ठेवलं होतं, आणि वरून मुकुटाची वाट बघत होता. बोळ मुळातच इतका अरुंद की बूच मारूनही तिच्या कॉलच्या वाट्याला जेमतेम एक कोपरा उरायचा. तिला आतापर्यंत दादाची किळस यायची ती तो घरच्यांना उपाशी ठेवून परक्यांना वाढतो म्हणून. आता कळलं की तो परक्यांनाही चमच्याचा दांडाच वाढत होता. आधीच्या किळसेला निदान एक उंची होती. ही अगदीच बुटकी निघाली.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. दादाची आंघोळ म्हणजे पाण्याला तोंडओळख. छोटीने घाईघाईने जुना आकडा खोडला, चौकटीत शून्य घातलं, 'ठीक' दाबलं आणि बाहेर पळाली. मोजे तिने थेट कचऱ्यात टाकले. आईने ते कचऱ्यातून काढले, हुंगले, आणि परत टाकले.

*शून्य घातलं,* छोटीने खुणेने सांगितलं. *आता काही बाहेर जाणार नाही.*

*आधीही त्याच्याकडून काही बाहेर जात नव्हतं,* आई म्हणाली. *म्हणून तर पोट तसं आहे.*

कॉल लागला. दवाखान्यात ऑपरेशनपूर्वीची खोली होती. खाटेवर एक दणकट म्हातारे वेल्डर बसले होते. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण गेला होता, तो आज काढायचा होता. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या डोळ्याचं काम. छोटीने पाठ ताठ केली. शेजारी एक तरुण डॉक्टरीणबाई, हातात ऑपरेशनच्या जागेवर खूण करायचं पेन. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत तपासणी बाई, हातात काहीही नाही, चेहऱ्यावरही नाही.

सुरुवात झकास झाली. वेल्डरकाका हातांनी बोलायला लागले तर थांबेनात. भाजल्याचे व्रण असलेले जाड पंजे, पण खुणा अशा नेटक्या की छोटीला वाटलं, हा माणूस आईला भेटायला हवा. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं की तुमचं वय काय, लग्न झालंय का, आणि सुरी धरताना हात कापतो का. छोटीने तिन्ही प्रश्न जसेच्या तसे तोंडाने विचारले. डॉक्टरीणबाई हसल्या. तपासणी बाईंनी मान किंचित हलवली. होकारार्थी.

"कागदावर उजवा लिहिलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आमच्याकडे रुग्णाकडून वदवून घ्यायची पद्धत आहे. विचारा त्यांना. कोणता डोळा? उजवा की डावा?"

छोटीने विचारायला सुरुवात केली. उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं, मग डाव्या डोळ्याखाली ठेवलं, रुग्णासाठी हातांनी आणि डॉक्टरांसाठी तोंडानेही.

आणि ती गोठली.

बोट डाव्या डोळ्याखाली. तोंड उघडं. आवाज तुटून नुसता "डा… डा… डा… डा…".

डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. "डावा? पण इथे तर उजवा लिहिलाय. ते डावा म्हणतायत का? मॅडम? नक्की डावा?"

"डा… डा… डा…" पडदा म्हणाला.

छोटी ओरडत होती, "नाही नाही नाही, मी विचारतेय, ते सांगत नाहीयेत!" तिला सगळं दिसत होतं. डॉक्टरीणबाई वेल्डरकाकांच्या डाव्या, धडधाकट डोळ्याच्या वर पेनाचं टोपण काढताना दिसत होत्या. काका मागे सरकताना दिसत होते. कोपऱ्यातल्या चौकटीत तपासणी बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उगवताना दिसत होतं. मग तेही चित्र खिळलं.

छोटी दादाच्या खोलीत घुसली. ओढणी नाही, मोजे नाहीत.

दादा उभा होता. दादा उभा राहू शकतो हे ती विसरून गेली होती. ओल्या केसांतून पाणी कीबोर्डवर ठिबकत होतं आणि डोळ्यांत भक्ताचे भाव होते. पडद्यावरची हिरवी रेघ आता वळवळत नव्हती. सरळ वर चढून छताला लागली होती.

"छोटे! बघ! धो धो चाललंय! एवढं कधी गेलं नव्हतं! जग तुटून पडलंय माझ्या माशांवर! आणि मी काही केलंच नाही!"

तेवढं मात्र खरं होतं. केलं छोटीने होतं. तिने दादाला कोपराने बाजूला सारलं, तो कोपर धुवायची मनात नोंद केली, आणि चौकट उघडली. चौकटीत तिचं शून्य होतं. आणि शून्याच्या खाली, सकाळी घाईत न दिसलेल्या बारक्या करड्या अक्षरांत, एक ओळ होती: शून्य म्हणजे मर्यादा नाही. हवं तेवढं जाऊ दे.

ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं त्याच्या घरी शून्य भाकऱ्या वाढल्या तर तो किती खात असेल, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. आगीतून उठून ती फुफाट्यात पडली नव्हती. तिने स्वतः फुफाटा आणून अंथरला होता.

"हात लावू नकोस!" दादा किंचाळला आणि कीबोर्डवर आडवा झाला. पोटाखाली सगळी बटणं एकदम दाबली गेली. "मुकुट येणार आहे! थोडं राहिलंय!"

"दादा, तिकडे माणसाचा चांगला डोळा फोडायला निघालेत!"

"नंतर!"

हात मात्र सवयीने आपोआप उठला होता. पंजा, हवा, लोटणं. दारात आई उभी होती. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण ती खूण तिला दिसली. मग तिने छोटीच्या हातांकडे पाहिलं. छोटीचे हात सांगत होते: *माणूस. डोळा. चुकीचा. याच्यामुळे. माझ्यामुळे.*

आई शांतपणे आत आली. खणातून सांडलेल्या टरफलांवरून चालत भिंतीशी गेली, दूध उतू जाताना गॅस बंद करावा तितक्याच सहजपणे खाली वाकली आणि वायरींची पट्टी प्लगसकट उपटली.

पडदा काळा होण्याआधी त्यावर एक सोनेरी मुकुट उगवला. अभिनंदन, महादानी. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. दादाच्या तोंडून असा आवाज निघाला, जसा माशांच्या तोंडून निघाला असता, जर त्यांना आवाज असता.

मग घर शांत झालं. फारच शांत झालं, कारण इंटरनेटचा डबाही त्याच पट्टीवर होता.

छोटीने पट्टी परत खोचली. डब्यावरचा दिवा लागला, लाल. मग काही नाही. मग हिरवा, पण मिचमिचा. हा डबा झोपेतून उठायला दादाइतकाच वेळ घ्यायचा. त्याच्या जाळीतून एक झुरळ बाहेर आलं, मागून दुसरं. अंधार का झाला ते बघायला आली असावीत. दादा कंप्युटरचं बटण दाबायला झेपावला, पण तोपर्यंत आईने कंप्युटरचा खोका आडवा पाडला होता आणि त्यावर पाटावर बसावं तशी बसली होती. कमरेला खोचलेली सुई काढून ती दोरा ओवू लागली.

"आई, ऊठ! अगं ऊठ ना!" दादा तोंडाने ओरडला. ऊठ म्हणायची खूण त्याला येत नव्हती. त्याने येत होती तीच केली. बोटं जुळवून ओठांशी नेली. आईने दोऱ्याला गाठ मारली.

दिवा स्थिर झाला. छोटी स्वयंपाकघरात धावली. पडद्यावर चित्र आलं, तेव्हा ते दोघं ती गेली तेव्हा होते तसेच होते, फरक एवढाच की वेल्डरकाकांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं होतं. पेनासकट. जन्मभर लोखंड धरलेल्या माणसाची पकड ती. सोडवायला दोन नर्स आल्या होत्या आणि हात टेकून परत चालल्या होत्या.

छोटी दिसताच काकांनी मनगट सोडलं आणि हात उचलले. छोटी बोलू लागली. आवाज तिचा होता, पण शब्द काकांचे होते, आणि नियम असा की रुग्ण 'मी' म्हणाला तर दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं.

"मला वाटलं ही मुलगी मेली. मेलेल्या बाईचं ऐकून डोळा कापून घ्यायला मी काय खुळा आहे? उजवा. उजवा डोळा. पाहिजे तर मीच खूण करतो, पेन इकडे द्या."

त्यांनी पेन घेतलं आणि उजव्या भुवईवर एक भलीमोठी फुली काढली. वेल्डिंगआधी पत्र्यावर काढतात तशी. मग डावीकडे बोट दाखवून दोन्ही हात जोरात झटकले.

"आणि याला हात लावाल तर याद राखा," छोटीने पूर्ण केलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन परत घेऊन त्याला टोपण लावलं. काकांचं मात्र संपलं नव्हतं. ते भिंतीकडे बघत पुन्हा हात हलवू लागले, आणि छोटी सवयीने बोलू लागली, आणि बोलता बोलता तिला कळलं की ती काय बोलते आहे.

"आणखी एक. तो समोरचा टीव्ही बंद करा. मासे छान आहेत, पण मासे पोहत असतात आणि काचेत मागे एक माणूस दिसतो. बनियनमधला. सकाळपासून बघतोय. तो नाकात बोट घालतो, मग ते बघतो, मग… मग ते खातो. ऑपरेशनआधी मला उपाशी ठेवलंय म्हणून बरं, नाहीतर सगळं बाहेर आलं असतं."

डॉक्टरीणबाई वळल्या. भिंतीवरच्या टीव्हीत केशरी मासा संथपणे बाजूला झाला आणि काचेच्या अंधारात दादा दिसला. कॅमेऱ्यामागे, खुर्चीत, निवांत. बोट आत होतं. जगातल्या किती दवाखान्यांत, किती वाट बघायच्या खोल्यांत हे बोट त्या क्षणी आत असेल, याचा छोटीने हिशेब केला नाही.

"शी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छोटीने तेही काकांना हातांनी सांगितलं. नियम तो नियम.

काकांनी तिला विचारलं, *तू ओळखतेस का याला? तुझं तोंड तसं झालंय.*

दुभाष्याने खोटं बोलायचं नसतं. "रुग्ण विचारतायत, मी या माणसाला ओळखते का," छोटी मोठ्याने म्हणाली, आणि मग हातांनी आणि तोंडाने एकदमच उत्तर दिलं, "हो. हे आमच्याकडे राहतात."

काकांनी आपला जाड पंजा छातीवर ठेवला आणि मान झुकवली, एखाद्याच्या घरचं कोणी गेल्यावर करतात तसं.

त्यांना आत नेलं तेव्हा पडद्यावर तपासणी बाई आणि छोटी एवढ्याच उरल्या.

"तुम्ही गोठलात," बाई म्हणाल्या.

"हो."

"गोठल्यावर परत यायला तुम्ही काय केलंत, ते विचारत नाही. परत आलात तेव्हा मागून आवाज येत होते. त्या माणसाबद्दलचं वाक्य गाळता आलं असतं तुम्हाला. बरेच जण गाळतात. तुम्ही गाळलं नाहीत. पण त्या घरातून मी तुम्हाला एकही कॉल देणार नाही. चुकीच्या डोळ्यावर फुली पडली असती आज. आमच्या केंद्रात येऊन बसत असाल तर पुढच्या आठवड्यापासून या. गाव दुसरं आहे. राहायची सोय तुमची तुम्ही बघायची."

"खिडकी आहे का केंद्रात?" छोटीने विचारलं.

"का?"

"पडदे शिवलेले आहेत."

जायच्या आदल्या दिवशी ती दादाच्या खोलीत शेवटची गेली. दादाचा मुकुट शाबूत होता. कंप्युटर परत चालू झाल्यावर तो पुन्हा उगवला होता, आणि दादा त्याखाली बसून अंडं सोलत होता. महादानी झाल्यापासून त्याच्यात फरक काहीच नव्हता, फक्त टरफलं आता दोन खणांत होती.

"माझ्या मेहनतीचं फळ," तो म्हणाला.

"बाजूला हो जरा." तिने चौकट उघडली. शून्य तसंच होतं. तिने ते खोडलं आणि एक घातलं. एक म्हणजे गळक्या नळाचा थेंब. सगळ्यात कमी. त्याच्याहून कमी द्यायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, आणि दादात होती, पण दादाला चौकट नव्हती.

"हे काय केलंस?"

"तुझ्या मनासारखं. आता थेंबथेंब जाईल. थोड्या दिवसांत तुझे लोक तुला त्यांच्या शब्दाने हाक मारतील."

"कोणत्या शब्दाने?"

टाकीच्या तळातल्या हिरव्या लगद्यात काहीतरी हललं. काळं, लांबट, मऊ. छोटीने ते नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उत्तर बोटानेच दाखवता आलं असतं. ती बाहेर आली आणि साबणाने हात धुतले, दोनदा.

सकाळी दारात दोन पिशव्या, शिलाई मशीन आणि घडी घातलेले पडदे होते. रिक्षा खाली थांबली होती. दादा खोलीतून बाहेर आला, पिशव्यांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, त्यातलं काही उचलायला लागेल की काय म्हणून एक पाऊल मागे सरला. मग त्याच्या ध्यानात आलं की स्वयंपाकघरातून कसलाच वास येत नाहीये.

त्याने आईकडे बघून पाची बोटं जुळवली आणि ओठांशी नेली.

आईने मशीन एका काखेत मारलं. मोकळा झालेला पंजा त्याच्यासमोर धरला, त्याला नीट दिसावा इतका जवळ, आणि हवा हलकेच दूर लोटली.